बायझंटाईन दरबार: खरी सत्ता कोणाकडे, राजवाड्यातल्या खोजांकडे की पॅट्रिआर्ककडे?

रानभूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, इथे इतिहास वाचणारे खूप आहेत म्हणून मांडतो. कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन सम्राटांबद्दल वाचायला घेतलं की आधी नुसता गोंधळ उडतो, अकरा कॉन्स्टँटाईन, नऊ मायकेल, कोण कोणाचे डोळे काढतोय ते कळत नाही. पण जरा मुरलं की लक्षात येतं, खरी मजा सम्राटांच्या आजूबाजूला आहे. एका बाजूला राजवाड्यातले बडे अधिकारी, त्यातले कितीतरी खोजे (म्हणजे खच्ची केलेले पुरुष), आणि दुसऱ्या बाजूला पॅट्रिआर्क म्हणजे तिथल्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू.

माझं मत स्पष्ट आहे, सत्ता अधिकाऱ्यांकडे होती. बासिल लेकापेनोसचंच घ्या. सम्राट रोमानोस लेकापेनोसचा हा अनौरस मुलगा, लहानपणीच खच्ची केलेला, म्हणजे गादीवर दावा सांगायचा प्रश्नच मिटला. पुढे हा पाराकोइमोमेनोस झाला, म्हणजे सम्राटाच्या शयनगृहाचा प्रमुख. ऐकायला घरगुती पद वाटतं पण सम्राटापर्यंत कोणता माणूस आणि कोणता कागद पोचणार हे ज्याच्या हातात, राज्य त्याच्या हातात. ९६३ मध्ये सेनापती निकेफोरोस फोकास राजधानीवर चालून आला तेव्हा कारभार जोसेफ ब्रिंगास नावाच्या दुसऱ्या खोजाकडे होता. बासिलने आपल्या वाड्यातल्या नोकरचाकरांच्या हातात शस्त्रं दिली, आकडा ३००० सांगतात, आणि शहराच्या रस्त्यांवर लढून निकेफोरोसला आत घेतलं. ९६९ मध्ये निकेफोरोसचा खून झाला तर हा लगेच नव्या सम्राटाबरोबर. तो ९७६ मध्ये मेल्यावर तरुण बासिल दुसऱ्याच्या नावाने कारभार परत याच्याचकडे, थेट ९८५ पर्यंत. सम्राट येत गेले जात राहिले, हा गडी जागेवर.

पॅट्रिआर्कचं काय? सम्राटाच्या मर्जीने यायचा, मर्जी फिरली की मठात. फोटिओससारखा विद्वान माणूस दोनदा पॅट्रिआर्क झाला आणि दोनदा हाकलला गेला. तुम्हाला काय वाटतं?

पानगळ

वाचतेय. पण खोजेच का? एवढ्या मोठ्या पदांवर मुद्दाम?

जुनाजाणता

@पानगळ, कारण सम्राट अव्यंग असावा लागे. म्हणून तर प्रतिस्पर्ध्याचे डोळे काढायचे, नाक कापायचे प्रकार चालत. (नाक कापलेला जस्टिनियन दुसरा ७०५ मध्ये परत गादीवर बसला तो अपवाद.) खोजा गादीवर बसू शकत नाही म्हणून त्याला जवळ ठेवायला सम्राट घाबरत नाही, एवढं साधं गणित. ८९९ साली फिलोथेओस नावाच्या अधिकाऱ्याने दरबारी मेजवानीत कोणाला कुठे बसवायचं याची मोठी यादी लिहिली, त्यात खोजांच्या मानाच्या पदव्यांची वेगळी आठ पायऱ्यांची शिडीच आहे. आणि हे नुसते दिवाणखान्यात वावरणारे लोक नव्हेत. जस्टिनियन पहिल्याचा नार्सेस खोजाच होता, त्याने ५५२ मध्ये इटलीत गॉथ राजा तोतिलाचा पराभव केला.

दुसरं म्हणजे रानभूल यांनी जे दोन गट पाडलेत ते इतके वेगळे नव्हते. पॅट्रिआर्क इग्नातिओस हा सम्राट मायकेल पहिल्याचा मुलगा, ८१३ मध्ये बाप गादीवरून गेल्यावर याला खच्ची करून मठात टाकलं. म्हणजे तोही खोजा. पॅट्रिआर्क पॉलिएव्क्तोस पण खोजा. उलट फोटिओस हा दरबारी माणूस, सम्राटाच्या सचिवालयाचा प्रमुख, ८५८ मध्ये इग्नातिओसला हटवलं तेव्हा संसारी माणसाला आठवड्याभरात धर्मगुरूच्या सगळ्या पायऱ्या चढवून नाताळात पॅट्रिआर्क केलं. रोमचा पोप निकोलस पहिला भडकला तो यावरूनच.

सायंतारा

रानभूल, अजिबात पटलं नाही. सत्ता म्हणजे फक्त फायली अडवणं नव्हे. ज्याच्यापुढे सम्राट दारात उभा राहतो आणि आत जाऊ शकत नाही, त्याची सत्ता मोठी.

लिओ सहाव्याची गोष्ट बघा. तीन लग्नं झाली, तिन्ही बायका वारल्या, गादीला मुलगा नाही. चर्चला दुसरं लग्नच फारसं रुचत नसे, तिसरं म्हणजे दोष, चौथं तर विचारूच नका. लिओची झोई कार्बोनोप्सिना म्हणून सखी होती, तिला ९०५ मध्ये मुलगा झाला, तोच पुढे कॉन्स्टँटाईन सातवा. पॅट्रिआर्क निकोलस मिस्तिकोसने बाप्तिस्मा दिला पण अट घातली, झोईने राजवाडा सोडायचा. बाप्तिस्मा झाला ९०६ च्या ६ जानेवारीला, आणि तीन दिवसांत बाई वाजतगाजत परत. लिओने एका साध्या पाद्र्याकडून लग्नही लावून घेतलं. मग त्या वर्षीच्या नाताळला सम्राट सगळ्या लवाजम्यासकट हाया सोफियाच्या, म्हणजे राजधानीतल्या मुख्य चर्चच्या, दाराशी आला, आणि पॅट्रिआर्कने मुख्य दारातून आत येऊ दिलं नाही. सगळं शहर बघतंय, सिनेटर बघतायत. ९०७ च्या ६ जानेवारीला पुन्हा तेच. जगातला सगळ्यात ताकदवान ख्रिस्ती राजा उत्सवाच्या दिवशी दारातून मागे फिरतो. पाराकोइमोमेनोस असं करू शकेल?

हरभऱ्याचंझाड

आणि तिसऱ्या लग्नाविरुद्ध कायदा लिओने स्वतःच केला होता ना! स्वतःच खणलेल्या खड्ड्यात चौथ्यांदा पडले महाराज :)

रानभूल

@सायंतारा, पुढचं पण सांगा की. ९०७ मध्येच निकोलसला हद्दपार केला, जागेवर एव्थिमिओसला बसवला, रोमच्या पोपकडून परवानगी आणली. दार बंद करता आलं, बंद ठेवता आलं नाही.

सायंतारा

सांगते ना! लिओ ९१२ मध्ये गेला आणि निकोलस परत आला. ९१३ मध्ये सात-आठ वर्षांच्या कॉन्स्टँटाईनच्या वतीने राज्य चालवणाऱ्या मंडळाचा प्रमुख कोण? हाच निकोलस. बल्गेरियाचा सिमेऑन फौज घेऊन तटाशी आला, त्याच्याशी वाटाघाटी करायला शहराबाहेर गेला तोही हाच. आणि ९२० च्या धर्मसभेत चौथं लग्न कायमचं बेकायदा ठरलं. ज्या मुलाच्या आईवरून दार बंद केलं तो गादीवर असताना, त्याच्यासमोर! हद्दपारीतून येऊन आपलंच म्हणणं कायदा म्हणून लिहून घेणारा माणूस दुबळा कसा?

मापातपाप

पैशाचं कोणी बोललंच नाही अजून. दरबारी पदव्या म्हणजे गुंतवणूक होती. रोख रक्कम भरायची, पदवी घ्यायची, दरवर्षी सोन्यात मानधन.

लिउटप्रँड म्हणून इटलीचा वकील, पुढे क्रेमोनाचा बिशप झाला, त्याने ९५० मध्ये पाम संडेच्या (ईस्टरआधीचा रविवार) आधीच्या आठवड्यात हे वाटप डोळ्यांनी पाहिलंय. लांबलचक टेबल, त्यावर सोन्याच्या नाण्यांच्या थैल्या, प्रत्येकीवर किती ते लिहिलेलं, आणि सम्राट स्वतःच्या हाताने देतोय. पहिला राजवाड्याचा प्रमुख, त्याच्या थैल्या हातात मावेनात म्हणून खांद्यावर ठेवल्या, वर चार झगे. मग लष्कराचा आणि आरमाराचा प्रमुख, त्यांना इतकं मिळालं की खांद्यावर पण पेलेना, माणसं लावून ओढत नेलं. मग मागिस्त्रोस हुद्द्याचे, प्रत्येकी २४ पौंड सोनं, मग पात्रिकिओस, त्यांना १२ पौंड. तीन दिवस हे चाललं आणि खालच्यांचं वाटप पाराकोइमोमेनोस करणार होता. कसं वाटलं असं विचारल्यावर लिउटप्रँड म्हणाला, मलाही काही मिळालं तर आवडेल, तेव्हा त्यालाही एक पौंड सोनं मिळालं. मला हे वर्णन फार आवडतं, सत्ता कशी दिसते ते कळतं. प्रत्येक माणूस सगळ्यांदेखत वजन उचलतोय, आणि किती उचलतोय त्यावरून त्याची जागा.

आणि क्तेनासची गोष्ट तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी. लिओ सहाव्याच्या काळातला म्हातारा श्रीमंत पाद्री, गाण्यात तयार. त्याला प्रोतोस्पाथारिओस ही पदवी हवी, कशासाठी, तर मानाचा पोशाख घालून दरबारात बसायला मिळावं. ४० पौंड सोनं देतो म्हणाला, सम्राट नाही म्हणाला, पाद्र्याला ही पदवी शोभत नाही. मग याने १० पौंड किमतीची कर्णभूषणं वर दिली, मग प्राण्यांची नक्षी असलेलं चांदीचं मेज, तेही १० पौंडांचं. पाराकोइमोमेनोस सामोनासने शब्द टाकला आणि काम झालं. एकूण ६० पौंड. मानधन वर्षाला एक पौंड. दोन वर्षांनी गेला बिचारा.

हरभऱ्याचंझाड

म्हणजे पैसे वसूल व्हायला अजून ५८ वर्षं जगायला हवं होतं! पण ते मेज फार सुंदर असणार.

पानगळ

सामोनास म्हणजे तोच ना जो अरबांकडे पळून जाताना पकडला गेला?

जुनाजाणता

तोच. मेलितिनेचा अरब, खोजा. ९०४ मध्ये पळाला, पकडला, थोडे दिवस घरात डांबला आणि लिओने परत जवळ घेतला. ९०६ च्या त्या बाप्तिस्म्यात छोट्या कॉन्स्टँटाईनचा धर्मपिताही हाच. दोन वर्षांनी सम्राटाचं मन दुसऱ्या एका खोजाकडे वळायला लागलं तर याने त्याला अडकवण्यासाठी सम्राटाविरुद्ध निनावी बदनामीपत्र लिहिलं. उघडकीला आलं आणि डोकं भादरून मठात. पळून जाणं माफ झालं, निनावी पत्र नाही.

कोकणकडा

अवांतर: आपल्याकडे मलिक काफूर होताच की. देवगिरीवर चालून आलेला खिलजीचा सेनापती खोजाच होता.

जुनाजाणता

@कोकणकडा, हो, पण काफूर गुलाम म्हणून आलेला. बासिल लेकापेनोस सम्राटाचा मुलगा, इग्नातिओस सम्राटाचा मुलगा, इतर कित्येक चांगल्या घरातले. तिथे काही कुटुंबं आपणहून एका मुलाला या वाटेला लावत, दरबारात शिरकाव व्हावा म्हणून. पॉलिएव्क्तोसला त्याच्या आईबापांनीच खच्ची केलं होतं. हा फरक मोठा आहे.

राईनकाठ

मी जर्मनीत असते, लिम्बुर्ग आन डेर लान इथून फार लांब नाही. तिथल्या कॅथेड्रलच्या खजिन्यात रानभूल यांच्या बासिलने करवून घेतलेली पेटी आहे! येशूच्या क्रुसाचं लाकूड ठेवायची. झाकणावर मध्ये ख्रिस्त, बाजूला मेरी, संत जॉन, देवदूत, अपॉसल, सगळं सोन्यावर मीनाकाम, आणि निळा-हिरवा रंग असा की हजार वर्षं झालीत हे पटत नाही. कडेने ग्रीक लेख आहे आणि त्यात बासिलचं नाव पदवीसकट. आतला क्रूस कॉन्स्टँटाईन आणि रोमानोस या सम्राटांनी सजवलेला. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा हाइनरिख फॉन उल्मेन नावाच्या सरदाराने ही इकडे आणली. सुंदर वस्तू बघून आनंद होतो आणि ती इथे कशी आली ते आठवून वाईटही वाटतं, दोन्ही एकदमच.

रानभूल

@राईनकाठ, वा! हे माहीत होतं पण बघितलेल्या माणसाकडून ऐकायला वेगळं वाटतं.

आता माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा देतो. ९८५ मध्ये बासिल दुसऱ्याने या म्हाताऱ्याला काढलं, मालमत्ता जप्त, हद्दपार. विषय संपला? नाही. ९९६ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, सम्राटाला कायद्यात लिहावं लागलं की माझ्या राज्याच्या सुरुवातीपासून त्या पाराकोइमोमेनोसला काढेपर्यंत निघालेल्या ज्या सनदांवर मी नंतर स्वतःच्या हाताने तपासल्याचा शेरा मारलेला नाही त्या सगळ्या रद्द. विचार करा, गावोगावी, मठामठांत, सरदारांच्या पेट्यांमध्ये सम्राटाच्या नावाचे, सम्राटाच्या मोहरेचे कागद पडलेत आणि त्यातला कुठला आपला आणि कुठला त्याचा हे खुद्द सम्राटाला वेगळं काढावं लागतंय. आधी सगळं आपल्या हाताखालून जाऊ द्यावं लागतंय. एवढी पोच कुठल्या पॅट्रिआर्कची होती?

अडतदुकान

मी या विषयात नवीन, पण निकेफोरित्झेसबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची धान्याची अडत आहे, त्यामुळे हे नीट कळलं.

मायकेल सातव्याचा (१०७१ ते १०७८) हा अर्थकारभारी, खोजा, लोगोथेट पदावर. राजधानीचं धान्य थ्रेसमधून यायचं, राइदेस्तोस हे बंदर, आजचं तेकिरदाग. शेतकरी गाड्या भरून यायचे आणि ज्याला द्यायचं त्याला द्यायचे, इथे भाव पटला नाही तर पुढच्या दुकानात, मठ घेत, चर्च घेत, सामान्य माणूसही गाडीवरूनच घेई. निकेफोरित्झेसने गावाबाहेर सरकारी बाजार बांधला आणि हुकूम काढला की विक्री फक्त इथेच, घरी विकलं तर शिक्षा. आत मोजके व्यापारी, त्यांनी पाडून भाव मागायचा, वर कर, जागेचं भाडं, आणि तोच माल शहरात चढ्या भावाने. मिखाईल अत्तालिआतेस या न्यायाधीशाने लिहिलंय की एका सोन्याच्या नाण्याला पूर्वी १८ मोडिओस (तिथलं धान्याचं माप) गहू मिळायचा तो एकावर आला. लोकांनी सम्राटाचं नावच ‘पावकमी’ पाडलं, कारण तेवढंही माप पुरतं भरेना, पाव कमी. नाव सम्राटाचं खराब झालं, डोकं कारभाऱ्याचं.

घेणाऱ्यांची संख्या कमी केली की भाव पडणारच, आमच्याकडे पोराला पण कळतं हे. १०७७ च्या बंडात लोकांनी आधी तो बाजार पाडला. आणि निकेफोरित्झेस पुढच्या वर्षी छळात मेला.

मापातपाप

+१, उत्तम प्रतिसाद. फक्त एक, अत्तालिआतेसची स्वतःची जमीन आणि घरं राइदेस्तोसमध्ये होती, म्हणजे त्याचा स्वतःचा तोटा झालेला. १८ चा १ झाला हे थोडं हात राखून घ्यावं.

अडतदुकान

मान्य, पण ज्याचं नुकसान झालं तोच हिशेब लिहून ठेवतो. राजवाड्यात बसलेल्यांनी गव्हाचा भाव कुठे लिहिलाय?

एकटाप्रवासी

इस्तंबूलला गेलात तर कारिये, म्हणजे जुना खोरा मठ, चुकवू नका. सम्राट अँद्रोनिकोस दुसऱ्याचा मुख्य मंत्री थेओदोर मेतोखितेस याने साधारण १३१५ ते १३२१ मध्ये तो नव्याने सजवला. आतल्या दारावर मोझेक आहे, मेतोखितेस गुडघे टेकून ख्रिस्ताला चर्चची प्रतिकृती देतोय. डोक्यावर पांढरी-सोनेरी भलीमोठी पगडीसारखी टोपी, ख्रिस्तासमोर सुद्धा काढलेली नाही! मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत बघत होतो. १३२८ मध्ये सम्राट पडला, याचं घर लुटलं गेलं, हा हद्दपार. शेवटी परत आला तो याच मठात साधू म्हणून, १३३२ मध्ये तिथेच गेला. २०२४ पासून तिथे परत मशीद सुरू आहे.

पानगळ

केरुलारिओसचं कोणी का नाही बोलत? १०५४ चा तो प्रसिद्ध पॅट्रिआर्क.

सायंतारा

आलेच. १६ जुलै १०५४, पोपचा दूत कार्डिनल हुंबेर्टने हाया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. ज्या पोप लिओ नवव्याचा तो दूत, तो पोप एप्रिलमध्येच वारलेला! सम्राट कॉन्स्टँटाईन नवव्याला पोपशी मैत्री हवी होती, नॉर्मन लोकांविरुद्ध, पण शहरातले लोक पॅट्रिआर्कच्या बाजूने उठले आणि सम्राटाला नमतं घ्यावं लागलं. १०५७ मध्ये तर आयझॅक कोम्नेनोस गादीवर आला तो केरुलारिओसच्या मदतीने. नंतर हा सम्राटासारखे लाल जोडे घालायला लागला असं लिहितात.

पण मला खरा राग येतो तो दरबारी लेखक मायकेल प्सेलोसचा. १०५८ मध्ये आयझॅकने केरुलारिओसला पकडलं आणि खटल्यासाठी लांबलचक आरोपपत्र लिहिलं प्सेलोसने. खटला उभा राहायच्या आत पॅट्रिआर्क वारला. मग लोक हळहळायला लागले, आणि त्याच प्सेलोसने त्याच माणसावर गौरवाचं भाषण लिहिलं!

जुनाजाणता

प्सेलोसवर एवढं चिडू नका. दरबारात टिकायचं तर हातात लेखणीशिवाय काही नव्हतं त्याच्या. आणि त्याच लेखणीमुळे आज आपल्याला त्या शतकातले सम्राट, राण्या, खोजे माणसांसारखे दिसतात, कोण कसं हसायचं, कोणाला संधिवात होता इथपर्यंत.

मूळ प्रश्नाकडे येतो. रानभूल आणि सायंतारा दोघं आपापली वेगवेगळी उदाहरणं देताय, पण समोरासमोर गाठ पडली ते प्रकरण कोणीच आणलं नाही. १०३७. सम्राट मायकेल चौथा आजारी, अपस्माराचे झटके येतात, राज्य चालवतो त्याचा भाऊ जॉन, खोजा, अनाथालयाचा प्रमुख. पद अनाथालयाचं, कारभार साम्राज्याचा, कर वसुली त्याची, भाऊ-भाचे सगळीकडे चिकटवलेले. त्याला वाटलं आता पॅट्रिआर्कची गादी पण आपणच घ्यावी. काही बिशप फोडले आणि मुद्दा काढला की सध्याचा पॅट्रिआर्क अलेक्सिओस १०२५ मध्ये बासिल दुसऱ्याच्या हुकमाने बसला, धर्मसभेने निवडलेलाच नाही. मुद्दा खरा होता!

अलेक्सिओसने उत्तर पाठवलं त्याचा मथितार्थ असा: ठीक आहे, मी बेकायदा तर इतक्या वर्षांत मी ज्यांना बिशप केलं ते सगळे बेकायदा, त्यांना काढा, आणि ज्या सम्राटांना मी मुकुट घातला त्यांचाही निकाल लावा, मग मी खुशाल उठतो. फुटलेल्या बिशपांपैकी बहुतेकांना त्यानेच बिशप केलेलं. सगळे गप्प. जॉननेही विषय सोडला.

रानभूल

हे मस्त आहे, मानलं. पण हा अलेक्सिओस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हो. १०३४ मध्ये रोमानोस तिसरा हमामात मेला, त्याच रात्री राणी झोईने मायकेलशी लग्न लावायला याला बोलावलं, हा कचरला, तर ५० पौंड सोनं याला आणि ५० पौंड त्याच्या पाद्र्यांना दिल्यावर लग्न लागलं. म्हणजे १०३७ मध्ये जॉन ज्याला खुर्चीवरून उठवायला निघाला त्याच्याच हाताने तीन वर्षांपूर्वी जॉनच्या भावाला राणी आणि राज्य मिळालं होतं.

सायंतारा

अहो तेच तर! सोनं घेतलं हे वाईटच, मी त्याचं समर्थन करत नाही. पण सोनं का द्यावं लागलं? कारण त्याच्याशिवाय ते लग्न, लग्न ठरत नव्हतं. बासिल लेकापेनोसलाही हेच नडलं असतं. ९६९ मध्ये निकेफोरोसचा खून करून जॉन झिमिस्केस गादीकडे निघाला, बासिल त्याच्या बाजूने, राजवाडा ताब्यात, सैन्य ताब्यात, तरी पॉलिएव्क्तोसने हाया सोफियात पाऊल ठेवू दिलं नाही. आधी कटातली राणी थेओफानोला हाकला, खुनी कोण ते सांगून त्यांना घालवा, निकेफोरोसने चर्चविरुद्ध केलेले हुकूम फाडा. झिमिस्केसने तिन्ही केलं तेव्हा नाताळात मुकुट मिळाला. याच पॉलिएव्क्तोसने निकेफोरोसलाही सुनावलेलं, युद्धात मेलेल्या सैनिकांना हुतात्मा संत म्हणा ही मागणी धुडकावली होती, म्हणाला की संत बासिलच्या नियमाप्रमाणे युद्धात मारणाऱ्याने तीन वर्षं प्रसादापासून दूर राहावं.

रानभूल

म्हणजे मुकुट डोक्यावर चढेपर्यंत पॅट्रिआर्कचं चालतं आणि चढल्यावर रोजच्या कारभारात पाराकोइमोमेनोसचं. एवढ्यावर तडजोड करायला मी तयार आहे. निकेफोरित्झेसचा गहू आणि बासिलच्या सनदा कुठल्या पॅट्रिआर्कने थांबवल्या नाहीत हे मात्र धरून ठेवतो.

पानगळ

मग त्या अनाथालयवाल्या जॉनचं पुढे काय झालं?

जुनाजाणता

ज्या भाच्याला त्याने गादीपर्यंत नेलं त्या मायकेल पाचव्यानेच १०४१ मध्ये हद्दपार केलं. भाच्याने मग झोईलाही मठात पाठवायचा प्रयत्न केला, एप्रिल १०४२ मध्ये शहर पेटलं आणि त्याचे डोळे गेले. जॉनचे १०४३ मध्ये काढले, आणि तो त्याच वर्षी मेला. हुकूम होता नुकत्याच गादीवर आलेल्या पॅट्रिआर्क केरुलारिओसचा, ज्याला १०४० मध्ये जॉनच्या कारभारात कटाच्या आरोपावरून पकडून साधू व्हायला लावलं होतं.